पगारपत्रकावरचं सैन्य

जून २०१४ मध्ये आयसिसचे हजार-दीड हजार लढवय्ये पश्चिमेकडून मोसुलमध्ये घुसले आणि १० जूनला इराकमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर त्यांच्या ताब्यात गेलं. पहिला हल्ला झेलायला तिथे इराकी लष्कराच्या तिसऱ्या डिव्हिजनची सहावी ब्रिगेड होती. कागदावर तिच्यात २,५०० सैनिक, प्रत्यक्षात जेमतेम ५००. निनेवे प्रांताची लष्करी सूत्रं सांभाळणारे जनरल मेहदी अल-घरावी यांनी नंतर सांगितलं, की सैन्य आणि पोलीस मिळून नोंद २५ हजारांची होती, खरी माणसं फार तर दहा हजार. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नवे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत आकडा जाहीर केला: फक्त चार डिव्हिजनमध्ये ५० हजार बोगस सैनिक. साध्या सैनिकाचा पगार महिन्याला ६०० डॉलरच्या आसपास होता. म्हणजे वर्षाला साधारण ३६ कोटी डॉलर अस्तित्वात नसलेल्या माणसांच्या नावाने उचलले जात होते.

हे सैन्य उभं करायला अमेरिकेने सुमारे २५ अब्ज डॉलर घातले होते.

दहशतवादाविरुद्धच्या लढाईत कमकुवत मित्र-सरकारांवर विसंबावं का, ही चर्चा आपल्याकडे नेहमी हेतूंभोवती फिरते. अमुक देश दुटप्पी आहे का, तमुक नेता विश्वासू आहे का. मला ही चर्चा अपुरी वाटते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोसुल, काबूल, येमेनची राजधानी साना, बुर्किना फासोची राजधानी वागादुगू इथे जे कोसळलं त्याचे तपशील वाचले तर पहिली भेग जवळजवळ प्रत्येक वेळी पगार, शिधा आणि सुटे भाग या तीन ठिकाणी दिसते. हेतू महत्त्वाचे नाहीत असं नाही. पण हेतू दिसत नाहीत, वाटेत अडकलेला शिध्याचा ट्रक दिसतो.

बोगस सैनिक नेमका कसा तयार होतो ते आधी पाहू. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसांचे अंगठे उठल्याच्या बातम्या वाचलेल्या मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागणार नाही. एक प्रकार म्हणजे मेलेला किंवा पळून गेलेला माणूस यादीतून काढायचाच नाही. दुसरा, माणूस खरा असतो पण गावी टॅक्सी चालवत असतो. अर्धा पगार त्याचा, अर्धा अधिकाऱ्याचा. तिसऱ्या प्रकारात माणूस चौकीवर हजर असतो, पण रोख पगार वरून खाली येईपर्यंत प्रत्येक हात त्यातून काहीतरी काढून घेतो. पहिल्या दोन प्रकारांत संख्या खोटी ठरते, तिसऱ्यात मन तुटतं. इराकमध्ये अधिकाऱ्यांची पदं विकली जात होती. पद विकत घेतलेल्या माणसाला घातलेले पैसे वसूल करायचे असतात, आणि वसुलीची खात्रीची जागा म्हणजे पगारपत्रक. शिवाय शिधा, इंधन, दारूगोळा हे सगळं डोक्यांवर मंजूर होतं. खरी संख्या कळवणाऱ्या अधिकाऱ्याचा पुरवठा कमी होतो. म्हणजे प्रामाणिक माणसालाही खरं बोलणं महागात पडतं.

चोरलेल्या पैशापेक्षा जास्त नुकसान पुढे होतं. राजधानीतल्या नकाशावर त्या जागी २,५०० माणसं असतात, म्हणून कुमक पाठवली जात नाही. जे ५०० खरे असतात त्यांना २,५०० जणांच्या पाळ्या कराव्या लागतात. झोप नाही, रजा नाही. आणि शेजारची चौकी रिकामी आहे हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसतं. अशी माणसं हल्ला होताच पळाली तर त्यांना भित्रे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. परिस्थितीचा खरा अंदाज फक्त त्यांनाच होता.

मोसुल आपल्यापासून दूर नव्हतं. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून इराकला गेले आणि तिथून आयसिसमध्ये दाखल झाले. मोसुलमध्ये बांधकामावर असलेल्या ४० भारतीय मजुरांना आयसिसने पळवलं. एक निसटला, उरलेल्या ३९ जणांना मारण्यात आलं होतं हे मार्च २०१८ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. एका ब्रिगेडच्या खोट्या हजेरीची किंमत किती लांबच्या घरांनी मोजली ते यातून दिसतं.

अफगाणिस्तानात हा रोग ओळखला गेला होता आणि त्यावर उपायही झाले. त्यातला सगळ्यात साधा उपाय २००९ मध्ये वारदाक प्रांतातला. थोड्या पोलिसांचा पगार रोखीने न देता रोशन या मोबाइल कंपनीच्या एम-पैसा सेवेतून थेट त्यांच्या फोनवर पाठवला. पोलिसांना वाटलं पगार तीस टक्क्यांनी वाढला. वाढला नव्हता, पहिल्यांदा पूर्ण हातात पडला होता. मग एका कमांडरने शिपायांची सिमकार्डं गोळा करून स्वतःच पैसे काढायचा प्रयत्न केला. ही योजना देशभर पूर्णपणे कधीच पोहोचली नाही. दुर्गम जिल्ह्यांत फोनवरच्या पैशाचे रोख पैसे करून देणारा एजंट नव्हता, तालिबान रात्री टॉवर बंद पाडत होते, आणि ज्यांचा वाटा बुडणार होता त्यांच्याच सहीने योजना पुढे सरकायची होती.

पुढे बायोमेट्रिक पगारप्रणाली आली. तिचं काम कागदावर सोपं: भरतीच्या वेळी बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद, त्यावरून एकच ओळख क्रमांक, तो क्रमांक मंजूर पदाला जोडायचा, आणि पद, माणूस, हजेरी हे तिन्ही जुळलं तरच बँकेत पगार. २०१९ मध्ये मोजणी या प्रणालीवर नेली तेव्हा सैन्य-पोलिसांची संख्या एकदम सुमारे ४२ हजारांनी घटली. हे यशच होतं. पण अमेरिकी संरक्षण खात्याच्या लेखापरीक्षकांना त्याच वर्षी दिसलं, की ठशांची नोंद एका संगणकप्रणालीत आहे, पगाराची दुसऱ्या, आणि दोघींमध्ये थेट जोडणी नाही. क्रमांक हाताने टाइप करावा लागत होता, हजेरीही हातानेच भरली जात होती. म्हणजे साखळीची पहिली कडी पोलादाची आणि शेवटची पुन्हा त्याच कमांडरच्या पेनाची.

हे पकडायचा मार्ग एकच: न सांगता चौकीवर जाऊन बाहेरच्या माणसाने डोकी मोजायची, आणि तो आकडा त्या दिवशी शिजलेल्या जेवणाशी, रजेच्या रजिस्टरशी, जखमींच्या यादीशी ताडून पाहायचा. २०१४ नंतर परदेशी सल्लागार मुख्यतः कोअरच्या (अनेक ब्रिगेडच्या वरच्या मोठ्या विभागाच्या) मुख्यालयापर्यंतच उरले, चौक्यांवर जाणारं कोणी राहिलं नाही. ८ जुलै २०२१ ला अध्यक्ष बायडन यांनी तालिबानच्या ७५ हजारांसमोर अफगाण दलांची तीन लाखांची संख्या मांडली. ६ ऑगस्टला निमरोझची राजधानी झरंज पडली, १५ ऑगस्टला काबूल. झरंज हे नाव आपल्या ओळखीचं असायला हवं. भारताच्या सीमा रस्ते संघटनेने बांधलेला २१८ किलोमीटरचा झरंज-डेलाराम रस्ता तिथूनच सुरू होतो. पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएत आणि डेहराडूनला आयएमएत अफगाण कॅडेट शिकत होते. शिक्षण उत्तम होतं. ते ज्या सैन्यात परतणार होते त्या सैन्याचा पगार मात्र परदेशी अनुदानावर अवलंबून होता. अफगाण सरकारच्या एकूण खर्चाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग बाहेरून येत असे.

सुट्या भागांची गोष्ट याहून कडू आहे, कारण त्यात मित्राची चूक कमी आणि मदत करणाऱ्याची जास्त. अफगाण मेकॅनिकना रशियन बनावटीचं एमआय-१७ हेलिकॉप्टर वर्षानुवर्षांच्या सवयीचं होतं. त्याच्या देखभालीचं बहुतेक काम ते स्वतः करत. २०१७ पासून त्याजागी अमेरिकी ब्लॅक हॉक आणायचं ठरलं. रशियाकडून सुटे भाग घेणं निर्बंधांमुळे अवघड झालं होतं आणि अमेरिकी काँग्रेसमध्येही दबाव होता, ही त्यामागची कारणं. ब्लॅक हॉकची देखभाल जवळजवळ सगळीच परदेशी कंत्राटदारांच्या हातात राहिली. उंचावर आणि उन्हात तो एमआय-१७ इतकं वजनही उचलू शकत नव्हता. २०२१ च्या सुरुवातीला सल्लागारांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, की कंत्राटदार गेले तर एकाही प्रकारचं विमान काही महिन्यांपलीकडे लढण्याजोगं राहणार नाही. उन्हाळ्यात सैन्याबरोबर कंत्राटदारही गेले. दुरुस्तीचा सल्ला व्हिडिओ कॉलवर द्यायची वेळ आली. रस्ते तालिबानकडे असल्यामुळे शेकडो चौक्यांना दारूगोळा आणि पाणी हवेतूनच पोचत होतं, आणि तेच थांबलं.

त्याआधीचं, अफगाण हवाई दलासाठी घेतलेल्या जी-२२२ मालवाहू विमानांचं प्रकरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. वीस विमानांचा कार्यक्रम, ५४ कोटी ९० लाख डॉलर खर्च. सुटे भाग मिळेनात, विमानं उडेनात. काबूल विमानतळावरची सोळा विमानं शेवटी भंगारात गेली आणि त्यांचे ३२ हजार डॉलर आले. विमान घेताना किंमत विचारली जाते. पुढची दहा वर्षं त्याचा गॅस्केट कोण, कुठून, कोणत्या पैशाने आणणार हे विचारलं जात नाही.

आता शिधा. बुर्किना फासोच्या उत्तरेला सूम प्रांतात इनाता इथे सोन्याच्या खाणीजवळ जांदार्मांची, म्हणजे लष्करी पोलिसांची, एक चौकी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये चौकीप्रमुखाने मुख्यालयाला कळवलं, की दोन आठवड्यांपासून अन्न संपलं आहे, जवान आसपासची जनावरं मारून पोट भरत आहेत. १४ नोव्हेंबरला जिहादींनी चौकीवर हल्ला केला. पन्नासहून अधिक माणसं मेली, बहुतेक सगळे जांदार्म. देशभर संताप उसळला आणि २४ जानेवारी २०२२ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष काबोरे यांना हटवलं. नवे लष्करशहा दामिबा. त्याच सूम प्रांतात, वेढ्यात अडकलेल्या जिबो शहराकडे रसद घेऊन निघालेल्या ताफ्यावर २६ सप्टेंबरला गास्किंदेजवळ हल्ला झाला. किमान २७ सैनिक मेले, ट्रक जळाले. चार दिवसांनी दामिबांनाही त्यांच्याच सैन्यातल्या कॅप्टन इब्राहिम त्राओरे यांनी हटवलं. एकाच प्रांतातल्या उपाशी चौक्यांनी नऊ महिन्यांत दोन सत्तापालट घडवले. या भागात मदतीला आलेल्या फ्रान्सचं लक्ष त्या काळात ड्रोन, विशेष दलं आणि म्होरक्यांना टिपण्यावर होतं. म्होरके टिपले जातही होते. तांदळाचं पोतं इनाताला पोचवणं हे कोणाच्याच मोहिमेचं उद्दिष्ट नव्हतं.

सत्तापालटानंतर जे होतं त्याचाही एक ठरलेला क्रम आहे. निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथवलं की अमेरिकी कायद्यानुसार बरीचशी मदत थांबवावी लागते. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण जागा रिकामी राहत नाही. माली सरकारने डिसेंबर २०२१ पासून वॅग्नर या रशियन भाडोत्री सैन्याची माणसं आणली, ऑगस्ट २०२२ पर्यंत फ्रेंच सैन्य मालीतून बाहेर पडलं, डिसेंबर २०२३ पर्यंत संयुक्त राष्ट्रांची मोहीमही. नायजरमध्ये अगादेझजवळ वाळवंटात ११ कोटी डॉलर खर्चून अमेरिकेने ड्रोनतळ बांधला होता. २६ जुलै २०२३ ला तिथे सत्तापालट झाला आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत तळ रिकामा करावा लागला. धावपट्टी उचलून नेता येत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरचा तळ म्हणजे त्या सरकारच्या आयुष्यावर लावलेली पैज असते, आणि पैज लावताना ते आयुष्य किती उरलंय याचा हिशेब क्वचितच होतो.

इथवर फक्त दुबळेपणाबद्दल लिहिलं. येमेनची गोष्ट वेगळी, कारण तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह दुबळे असले तरी भोळे नव्हते. अल-कायदा शिल्लक राहण्यातच त्यांच्या सरकारची किंमत होती. फेब्रुवारी २००६ मध्ये सानामधल्या राजकीय सुरक्षा संघटनेच्या तुरुंगातून २३ कैदी भुयार खणून शेजारच्या मशिदीत निघाले आणि पसार झाले. त्यांतला नासिर अल-वुहायशी पुढे जानेवारी २००९ मध्ये स्थापन झालेल्या अरबी द्वीपकल्पातल्या अल-कायदाचा प्रमुख झाला. अमेरिकेने प्रशिक्षित केलेली दहशतवादविरोधी तुकडी सालेह यांच्या पुतण्याच्या हाताखाली होती, रिपब्लिकन गार्ड मुलाच्या. २०११ मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ही उत्तम दलं राजधानीतच, घराण्याच्या रक्षणासाठी राहिली. मेच्या अखेरीस दक्षिणेतलं झिंजिबार अल-कायदाच्या माणसांनी घेतलं आणि तिथली २५ वी ब्रिगेड कित्येक आठवडे वेढ्यात एकटी लढत राहिली.

माहितीच्या बाबतीतही तेच. मे २०१० मध्ये येमेनच्या मारिब प्रांतात अमेरिकी हल्ल्यात प्रांताचे उपराज्यपाल जाबिर अल-शबवानी मारले गेले. ते अल-कायदाच्या माणसांशी शरणागतीची बोलणी करायला गेले होते. चिडलेल्या टोळीवाल्यांनी तेलवाहिनी उडवली. येमेनी बाजूने अर्धवट माहिती देऊन आपला राजकीय प्रतिस्पर्धी अमेरिकेकरवी संपवला, असा संशय नंतर अमेरिकी अधिकाऱ्यांनाच आला. ज्या सरकारवर लक्ष्याची माहिती मिळवण्यासाठी विसंबायचं, त्याच्याच वैऱ्यांची यादी आपल्या लक्ष्यांच्या यादीत मिसळू शकते. ती वेगळी काढायला स्वतःची माणसं, भाषा जाणणारी, टोळ्यांची नाती माहीत असलेली, लागतात. ती नसतील तर हल्ला न करणं हाच शहाणपणा आहे.

१० सप्टेंबर २०१४ च्या भाषणात ओबामांनी आयसिसविरुद्धच्या धोरणासाठी येमेन आणि सोमालियाचं उदाहरण यशस्वी म्हणून दिलं. अकरा दिवसांनी हौथी या येमेनच्या उत्तरेतल्या बंडखोरांनी साना घेतलं, तेही आता पदच्युत झालेल्या सालेह यांच्याशी संधान बांधून. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेची विशेष दलं येमेनमधला अल-अनद तळ सोडून गेली. २ एप्रिलला अल-कायदाने मुकल्ला बंदर घेतलं आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या शाखेतली रोकड लुटली.

या सगळ्यात एक उपाय पुन्हा पुन्हा वापरला जातो: सडक्या सैन्याच्या बाजूला एक लहान, निवडक, चांगल्या पगाराचं दल उभं करायचं. इराकचं दहशतवादविरोधी दल, अफगाण कमांडो, सोमालियाचं दानब. ही दलं खरोखर लढतात, त्यांच्या शौर्याबद्दल दुमत नाही. अडचण अशी, की बाकीचं सैन्य नसल्यामुळे त्यांनाच सगळीकडे धाडलं जातं. छापा मारून परतण्यासाठी घडवलेली माणसं शहरं धरून बसतात. मोसुल परत घेताना, २०१६-१७ च्या नऊ महिन्यांत, इराकच्या या दलाचं नुकसान चाळीस टक्क्यांवर गेलं. अफगाणिस्तानात जून २०२१ मध्ये फारयाब प्रांतातल्या दौलताबादला वीसहून अधिक कमांडो कुमकेची वाट बघत मारले गेले. जागा घेणारे होते, घेतलेली जागा सांभाळणारे नव्हते.

कोलंबियाचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. २००० च्या आसपास तिथलं सरकारही बंडखोर गनिमांच्या हाती देशाचा मोठा भाग गमावून बसलं होतं. अमेरिकी मदत आली, पण २००२ मध्ये उरिबे सरकारने आपल्याच श्रीमंतांच्या संपत्तीवर १.२ टक्क्यांचा सुरक्षा कर लावला आणि तो वसूल केला. लढाईचा बहुतांश खर्च कोलंबियाने स्वतः उचलला. मित्र-सरकार टिकेल का, याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही: आपल्या सैन्याच्या पगारासाठी ते आपल्याच वजनदार लोकांकडून पैसे घेऊ शकतं का? मात्र तिथेही मोजमाप चुकलं आणि भयंकर घडलं. मारलेल्या शत्रूंच्या संख्येवर बक्षिसं आणि रजा ठरू लागल्या, तेव्हा सैनिकांनी गरीब तरुणांना मारून गनिमांचे कपडे चढवले. २००२ ते २००८ मधले असे किमान ६,४०२ बळी तिथल्या विशेष न्यायालयाने नोंदवले आहेत. मदत करणारा देश जो आकडा मागतो तो आकडा त्याला मिळतो, म्हणून आकडा मागताना जपून मागावा लागतो.

सध्या ही परीक्षा सोमालियात चालू आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने भ्रष्टाचारामुळे सोमाली सैन्याच्या मोठ्या भागाचं अन्न आणि इंधन थांबवलं. त्यानंतर सरकारने सैनिकांची बायोमेट्रिक नोंदणी केली आणि पगार कमांडरच्या हातून काढून थेट बँक खात्यांत द्यायला सुरुवात केली. काम चांगलं झालं. तरी एप्रिल २०२१ मध्ये अध्यक्षांची मुदत वाढवण्यावरून मोगादिशूत हेच सैनिक आपापल्या कुळांप्रमाणे फुटून एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, आणि एप्रिल २०२४ मध्ये दानबच्याच काही जणांना शिधा चोरल्याबद्दल पकडावं लागलं. दुसरीकडे अल-शबाब ही अल-कायदाशी जोडलेली जिहादी संघटना आपल्या नाक्यांवर ट्रकवाल्यांकडून कर घेते आणि पावती देते. ती पावती पुढच्या नाक्यावर चालते, म्हणून व्यापारी तो कर भरतात. जानेवारी २०२५ पासून आफ्रिकी संघाची नवी मोहीम तिथे आहे, तिच्या सैनिकांच्या भत्त्याचे पैसे कोण देणार यावर सुरक्षा परिषदेत वाद आहे. तिथून मारल्या गेलेल्या म्होरक्यांच्या बातम्या येत राहतील. आपण त्यासोबत भत्ता कोणत्या महिन्यापर्यंत मिळाला आणि सरकारी नाक्यावरची पावती पुढच्या सरकारी नाक्यावर चालते का, एवढं विचारत राहावं.